डोळे मिटलेली महत्त्वाकांक्षा

जॉन डीन यांनी १९७६ साली आपल्या आत्मकथनाला ‘ब्लाइंड अँबिशन’, म्हणजे ‘आंधळी महत्त्वाकांक्षा’, असे नाव दिले. वॉटरगेट प्रकरणावर तेव्हापासून आजवर इतके लिहिले गेले आहे की त्याचे एक स्वतंत्र कपाट भरेल. त्या गर्दीत हे पुस्तक टिकून राहिले, कारण ते गुन्ह्यात स्वतः सामील असलेल्या माणसाने लिहिले आहे आणि आपण सामील होतो हे त्याने लपवलेले नाही. तरीही या पुस्तकातला सर्वांत कमी विश्वासार्ह शब्द कोणता असे विचारले, तर मी मुखपृष्ठावरच्या पहिल्या शब्दाकडे बोट दाखवीन. आंधळेपणात एक सूट दडलेली असते. ज्याला दिसलेच नाही, त्याला दोष द्यायचा तरी किती? डीन यांना मात्र जवळजवळ सगळे दिसत होते. खड्डा कुठे आहे, किती खोल आहे, आपण त्याच्या काठापासून किती पावलांवर आहोत, याचा त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बिनचूक होता. मांजर डोळे मिटून दूध पिते ते तिला दिसत नाही म्हणून नव्हे. या पुस्तकातली महत्त्वाकांक्षा त्या जातीची आहे, आणि पुस्तकातील पुरावा त्याच्या नावाविरुद्ध जातो हेच त्याचे मोल आहे, असे मला या प्रस्तावनेत दाखवायचे आहे.

आधी प्रकरणाची रूपरेषा. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या कचेरीत, पाच माणसे चोरून ऐकण्याच्या उपकरणांसह पकडली गेली. त्यांपैकी जेम्स मॅकॉर्ड हा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या फेरनिवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख होता. घरफोडी कोणी करवली आणि नंतर ती कोणी दडपली, या दोन प्रश्नांच्या पाठपुराव्यात जवळपास २६ महिने गेले, आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. या नाटकात डीन यांची जागा विलक्षण होती. १९३८ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे जन्मलेले, १९६५ साली जॉर्जटाउनमधून कायद्याची पदवी घेतलेले डीन जुलै १९७० मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, राष्ट्राध्यक्षांचे कायदेशीर सल्लागार झाले. त्यांच्या आधी हे पद जॉन एर्लिकमन यांच्याकडे होते. एर्लिकमन मग देशांतर्गत धोरणाचे प्रमुख झाले. डीन यांना रोजचे काम मिळे ते चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हाल्डमन यांच्याकडून, आणि ज्यांच्या हाताखाली ते याआधी न्यायखात्यात होते ते ॲटर्नी जनरल जॉन मिचेल पुढे फेरनिवडणूक समितीचे प्रमुख झाले. या तिघांच्या मध्ये उभा असलेला तरुण वकील, अशी डीन यांची प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवली की पुढचे बरेचसे उलगडते.

पद भारदस्त होते, पण त्याला वजन नव्हते. धोरण एर्लिकमन आपल्याबरोबर घेऊन गेले होते. उरली होती ती कायदेशीर किरकोळ कामे. पुस्तकाचा सुरुवातीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे अजून कोणताही घोटाळा झालेला नाही, तरी घोटाळ्याची सगळी सामग्री गोळा होत आहे. व्हाइट हाउसमध्ये कोणाला कोणती खोली मिळाली, तिथे कोणते सामान आले, कोण कोणाच्या किती जवळ बसतो, यावरून माणसाचा चढउतार मोजला जातो हे डीन लगेच ओळखतात. मग आपल्या कचेरीचे ते एका छोट्या वकिली फर्मसारखे बस्तान बसवतात. सहकाऱ्यांच्या मालमत्तेचे आणि हितसंबंधांचे प्रश्न सोडवून देण्याची सोय हे त्या फर्मचे पहिले दुकान. त्यातून अशिलांची ओळख होते, विश्वास मिळतो, खासगी गोष्टी कळतात. इथवर सारे चतुराईचे आहे, बेकायदा काही नाही. पण सुरुवातीच्याच एका कामगिरीत सरकारवर तिखट टीका करणाऱ्या ‘स्कॅनलन्स’ या मासिकाच्या मागे करखात्याचा ससेमिरा लावण्याचा विषय येतो, आणि डीन ते काम मार्गी लावतात. १६ ऑगस्ट १९७१ रोजी तर त्यांनी लिहिलेले एक टिपण फिरते, ज्याचा विषयच राजकीय शत्रूंचा समाचार कसा घ्यावा हा आहे; हाताशी असलेली सरकारी यंत्रणा त्यासाठी कशी वापरता येईल, एवढाच त्यातला प्रश्न. हे लिहिणाऱ्या माणसाला आपण काय लिहितो आहोत हे दिसत नव्हते असे कोण म्हणेल? प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडायला डोळे उघडेच असावे लागतात. हे टिपण पुढे सिनेटच्या समितीला डीन यांनीच दिले, हीही नोंद घ्यायला हवी. त्या कबुलीचे श्रेय त्यांचे आहे, आणि तिच्यातून निघणारा अर्थही त्यांना चुकवता येणार नाही.

डोळे उघडे असूनही न पाहण्याची ही कला सर्वांत स्पष्ट दिसते ती १९७२ च्या सुरुवातीच्या दोन बैठकांत. २७ जानेवारी रोजी मिचेल यांच्या न्यायखात्यातील दालनात, म्हणजे देशाच्या कायद्याच्या सर्वोच्च रखवालदाराच्या खोलीत, फेरनिवडणूक समितीचे वकील गॉर्डन लिडी यांनी मोठाले तक्ते उभे करून १० लाख डॉलर खर्चाची योजना मांडली. आंदोलकांना पळवून मेक्सिकोत ठेवणे, घरबोटीवर बायका नेमून विरोधकांकडून गुपिते काढणे, फोनवर पाळत ठेवणे, असा तिचा पसारा होता. लिडी यांची मिचेल यांच्याशी गाठ घालून देणारे डीनच. ४ फेब्रुवारीला निम्म्या खर्चाची सुधारित योजना आली तेव्हा डीन उशिरा पोचले, काही वेळ ऐकले, आणि मग म्हणाले की असल्या गोष्टींची चर्चा ॲटर्नी जनरलच्या कचेरीत होता कामा नये. या हस्तक्षेपाचा त्यांनी पुढे स्वतःच्या बाजूने बराच उपयोग केला, आणि काही अंशी तो रास्तही आहे. बाकीच्यांनी तेवढेही केले नव्हते. पण वाक्य नीट वाचावे. हरकत कृत्याला नाही, जागेला आहे. बेत गुन्ह्याचा आहे हे कळल्याशिवाय जागा चुकीची वाटत नाही. आणि गुन्ह्याचा आहे हे कळल्यावरही पोलिसांत जाण्याचा, राजीनामा देण्याचा, राष्ट्राध्यक्षांपर्यंत ही गोष्ट पोचवण्याचा विचार या वाक्यात नाही. आपण यापासून दूर राहणार असे हाल्डमन यांना सांगितल्याचे डीन नमूद करतात. दूर राहणे म्हणजे काय, तर आपले हात स्वच्छ ठेवून बेत चालू राहू देणे. कायद्याच्या भाषेत याला जाणूनबुजून केलेली डोळेझाक म्हणतात, आणि तिची पहिली अट अशी की झाकण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

घरफोडीनंतर तर डीन यांची वकिली नजर पूर्ण ताकदीने कामाला लागते. पकडलेल्यांच्या वह्यांत व्हाइट हाउसच्या गुप्त पथकातील हॉवर्ड हंट यांचे नाव सापडते, आणि हंट यांची तिजोरी व्हाइट हाउसच्या आवारातच निघते. तिजोरीतल्या कागदांची आणि वस्तूंची विल्हेवाट लावायची आहे. ब्रीफकेस नदीत फेकण्याची आणि कागद फाडण्याची सूचना एर्लिकमन यांनी केली असे डीन यांचे म्हणणे. एर्लिकमन यांनी ते नाकारले. डीन यांनी शोधलेला मार्ग याहून कितीतरी हुशारीचा होता. निरुपद्रवी वस्तू एफबीआयच्या तपासाधिकाऱ्यांना दिल्या आणि स्फोटक कागद २८ जून रोजी एर्लिकमन यांच्या कचेरीत एफबीआयचे हंगामी संचालक पॅट्रिक ग्रे यांच्या हाती ठेवले. उद्या शपथेवर विचारणा झाली तर ‘सगळे एफबीआयला दिले’ असे सांगता येईल, आणि ते शब्दशः खरेही असेल, हा त्यामागचा हिशेब डीन यांनी स्वतःच उघड केला आहे. ग्रे यांनी ते कागद त्या वर्षीच्या डिसेंबरात जाळले आणि पुढे त्यापायी आपले पद गमावले. खोटे न बोलता सत्य गाडण्याची ही युक्ती ज्याला सुचते, त्याच्या महत्त्वाकांक्षेला आंधळी कसे म्हणावे? २९ ऑगस्टला निक्सन यांनी पत्रकारांना सांगितले की डीन यांनी संपूर्ण चौकशी केली असून सध्या सेवेत असलेला व्हाइट हाउसचा कोणीही कर्मचारी यात गुंतलेला नाही. अशी चौकशी झालीच नव्हती. आपल्या नावावर खपवलेली ही चौकशी डीन यांना इतरांबरोबरच कळली, पण त्यांनी ती खोडून काढली नाही. जो कालपर्यंत किरकोळ कामांचा वकील होता, त्याचे नाव आता राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी होते. १५ सप्टेंबरला, सात आरोपींवर आरोपपत्र दाखल झाले त्या दिवशी, त्यांना प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांच्या दालनात बोलावून शाबासकी मिळाली.

त्या दिवशीचे संभाषण ध्वनिमुद्रित झाले होते, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा तिथे आहे. सिनेटसमोर डीन यांनी सांगितले की हे प्रकरण कधीतरी उलगडू शकते असा इशारा आपण त्या भेटीत दिला होता. ध्वनिफितीत असा इशारा सापडत नाही. सापडते ते उलट आश्वासन: पुढच्या ५४ दिवसांत आपल्याला चकित करील असे काहीही कोसळणार नाही, असे डीन राष्ट्राध्यक्षांना सांगतात. ५४ दिवस म्हणजे नोव्हेंबरातील मतदानापर्यंत. हा आकडा पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. त्यांची नजर ५४ दिवसांपर्यंत लख्ख पोचत होती. त्यापलीकडे ती पोचत नव्हती असे नाही. त्यापलीकडे पाहण्याचे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि न सांगितलेले काम करून बढती मिळत नसते. निवडणूक जिंकली, ४९ राज्ये निक्सन यांच्या बाजूने गेली, आणि ५४ दिवसांची मुदत संपली. मग तुरुंगाच्या वाटेवर असलेल्यांच्या मौनाची किंमत वाढू लागली. २१ मार्च १९७३ रोजी डीन यांनी राष्ट्राध्यक्षांना सांगितले की त्यांच्या सत्तेजवळ एक कर्करोग वाढतो आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत १० लाख डॉलर लागतील. पैसे मिळवता येतील, असे निक्सन म्हणाले. त्याच रात्री हंट यांच्या वकिलाकडे ७५ हजार डॉलर पोचले. कर्करोगाची उपमा जगप्रसिद्ध झाली, पण निदान करणारा वैद्य नऊ महिने रोग्याला शक्तिवर्धक देत होता, याकडे तिच्या प्रसिद्धीमुळे दुर्लक्ष होते.

यानंतरचे वळण सर्वांना ठाऊक आहे. दोन दिवसांनी मॅकॉर्ड यांचे पत्र न्यायमूर्ती जॉन सिरिका यांनी भर न्यायालयात वाचले. डीन यांना कॅम्प डेव्हिडला पाठवून सगळ्या प्रकरणाचा अहवाल लिहायला सांगण्यात आले. लिहायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की हा अहवाल म्हणजे आपल्याच हाताने वळलेला फास आहे. ज्याच्या नावाने चौकशी खपवली, त्याच्याच नावाने आता दडपादडपीही खपवली जाणार. त्यांनी फौजदारी वकील गाठला आणि एप्रिलच्या सुरुवातीला सरकारी अभियोक्त्यांशी बोलणी सुरू केली. ३० एप्रिलला हाल्डमन आणि एर्लिकमन यांचे राजीनामे जाहीर करताना निक्सन यांनी डीन यांना काढून टाकल्याचेही सांगितले. जून महिन्याच्या अखेरीस सिनेटर सॅम अर्विन यांच्या समितीपुढे डीन यांनी २४५ पानांचे निवेदन वाचले, पाच दिवस साक्ष दिली, आणि राष्ट्राध्यक्षांवर थेट आरोप करणारे ते पहिले साक्षीदार ठरले. ऑक्टोबरात त्यांनी न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. एक ते चार वर्षांची शिक्षा झाली, प्रत्यक्षात १२७ दिवस भोगावी लागली, आणि वकिलीची सनद गेली. ज्या नजरेने त्यांना आत नेले, तिनेच त्यांना सर्वांत आधी बाहेरचा दरवाजाही दाखवला. आंधळ्याला दरवाजा इतक्या लवकर सापडत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हा माणूस माफीचा साक्षीदार आहे. स्वतःची कातडी वाचवण्यासाठी इतरांकडे बोट दाखवणाऱ्यावर विश्वास का ठेवावा? आपल्याकडच्या १८७२ च्या पुरावा कायद्याने या प्रश्नाचे दुहेरी उत्तर दिले होते. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देणे बेकायदा नाही, असे एक कलम सांगत होते. महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळेपर्यंत ती साक्ष अविश्वसनीय मानावी, असे दुसरे सुचवत होते. डीन काटेकोर अर्थाने माफीचे साक्षीदार नव्हते. सिनेटपुढील साक्ष त्यांच्याविरुद्ध वापरली जाणार नाही एवढेच संरक्षण त्यांना होते आणि शिक्षा चुकली नाही. तरी कायद्याचा हा जुना शहाणपणा त्यांच्या पुस्तकाला तंतोतंत लागू पडतो, आणि इतिहासात क्वचितच मिळते अशी गोष्ट इथे मिळाली: दुजोरा. राष्ट्राध्यक्षांच्या दालनातील बोलणे ध्वनिमुद्रित होत असावे अशी शंका डीन यांनी साक्षीतच व्यक्त केली होती. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी अशी यंत्रणा असल्याचे जाहीरपणे सांगितले, २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी फिती देण्याचा आदेश दिला, आणि फितींनी डीन यांच्या कथनाचा गाभा खरा ठरवला. १ जानेवारी १९७५ रोजी मिचेल, हाल्डमन आणि एर्लिकमन दोषी ठरले. निवेदन वाचताना डीन यांना फिती कधीतरी ऐकल्या जातील याची खात्री नव्हती. ज्या साक्षीदाराला दुजोऱ्याची हमी नव्हती आणि तरी ज्याचे म्हणणे दुजोऱ्यात टिकले, त्याचा हेतू स्वार्थी होता म्हणून त्याचे कथन फेकून देता येत नाही.

गाभा खरा, पण तपशील? हा दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी १९८१ साली डीन यांची साक्ष आणि फिती समोरासमोर ठेवून एक गाजलेला निबंध लिहिला. वृत्तपत्रांनी डीन यांना मानवी टेपरेकॉर्डर म्हटले होते. नायसर यांना दिसले ते वेगळे. १५ सप्टेंबरच्या भेटीचे डीन यांचे वर्णन शब्दांच्या पातळीवर बहुतांश चुकीचे होते, आणि पैसे मिळवण्याचे बोलणे त्यांनी २१ मार्चऐवजी १३ मार्चवर टाकले होते. पण चुका मनास येतील तशा विखुरलेल्या नव्हत्या. त्या डीन यांना अधिक महत्त्वाचे, अधिक सावध, अधिक दूरदर्शी दाखवणाऱ्या होत्या. आणि तरीही एकूण परिस्थितीचे चित्र, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना दडपादडपीची माहिती होती आणि ते तिला मान्यता देत होते, हे अचूक होते. यात भर पुस्तकाच्या घडणीची. ते लिहिण्यात टेलर ब्रँच या कसलेल्या लेखकाची मदत होती. डीन हेच खरे सूत्रधार होते असा दावा करणारे एक पुस्तक १९९१ साली आले; त्यावरून डीन यांनी दावा ठोकला आणि तो तडजोडीने मिटला. त्या खटल्याच्या ओघात आपल्याच पुस्तकातील काही मजकुराची जबाबदारी त्यांनी ब्रँच यांच्यावर टाकली, आणि ब्रँच यांनी ती नाकारली. शिवाय सिनेटपुढच्या त्या २४५ पानांतही एक मोठी जागा कोरी होती: हंट यांच्या वह्या आपण स्वतः नष्ट केल्या, हे डीन यांनी अभियोक्त्यांना सांगितले ते १९७३ च्या नोव्हेंबरात, गुन्हा कबूल केल्यानंतर.

या सगळ्याने पुस्तक निकालात निघते असे मला वाटत नाही. उलट ते कसे वाचावे याचा नियम हाती येतो. डीन जिथे संवाद अवतरणचिन्हांत देतात, तिथे नाट्य आहे असे समजावे. जिथे आपण इशारा दिला, आपण थांबवण्याचा प्रयत्न केला, असे सांगतात, तिथे फितीची वाट पाहावी. पण जिथे ते स्वतःला लहान करतात, म्हणजे खोलीच्या सामानाचा हेवा, साहेबाचा फोन आल्याचा हर्ष, प्रचारनिधीतून लग्नाच्या सुमारास खर्चासाठी उचललेले आणि मागे वैयक्तिक चेक ठेवलेले ४,८५० डॉलर, तिथे त्यांच्यावर जवळजवळ पूर्ण विश्वास ठेवावा. कारण त्या क्षुद्र गोष्टी सांगून त्यांना काहीच मिळणार नव्हते. आणि नायसर यांच्या निष्कर्षाचा माझ्या मुद्द्याशी थेट संबंध आहे. स्मृतीने डीन यांना इशारा देणारा माणूस बनवले, तर पुस्तकाच्या नावाने न दिसलेला माणूस. दोन्ही चित्रे त्यांच्या सोयीची आहेत, आणि फितीतला ५४ दिवस मोजणारा माणूस या दोहोंतही बसत नाही. म्हणून तोच खरा मानावा.

तिसरा आक्षेप वातावरणाचा. एकतिशीतला तरुण, डोक्यावर हाल्डमनसारखे कठोर वरिष्ठ, सारे वारेच तसे वाहत असताना तो एकटा काय करणार होता? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही रीत काही वॉशिंग्टनने शोधलेली नाही. पण याच प्रकरणातली इतर माणसे या आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवतात. फेरनिवडणूक समितीचे खजिनदार ह्यू स्लोन वयाने डीन यांच्याहूनही लहान होते. पैशांच्या रकमेबद्दल खोटे सांगण्याचा दबाव आला तेव्हा, जुलै १९७२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. वॉटरगेट संकुलातील पहारेकरी फ्रँक विल्स यांना आठवड्याला सुमारे ८० डॉलर मिळत. दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली, ती काढली, पुन्हा दिसली, तेव्हा त्यांनी पोलिसांना फोन केला. डीन यांनी गुन्हा कबूल केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २० ऑक्टोबर १९७३ रोजी, ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन आणि त्यांचे सहायक विल्यम रकलशॉस यांनी विशेष अभियोक्त्याला काढून टाकण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश पाळण्याऐवजी पदे सोडली. यांची नजर डीन यांच्याहून तीक्ष्ण होती असे मानायला काही आधार नाही. फरक दिसण्यात नव्हता, दिसल्यानंतर काय केले यात होता. वातावरण सर्वांचे एकच असते. ते पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, बचाव म्हणून नाही.

शेवटचा आक्षेप वाचकावरच आहे. गुन्हेगाराने आपला गुन्हा विकायचा आणि आपण तो विकत घ्यायचा, यात औचित्य काय? वॉटरगेटमधल्या जवळजवळ प्रत्येकाने पुस्तक लिहिले. जेब मॅग्रूडर यांचे १९७४ मध्ये, चार्ल्स कोलसन यांचे १९७६ मध्ये, हाल्डमन यांचे आणि खुद्द निक्सन यांचे १९७८ मध्ये, लिडी यांचे १९८० मध्ये, एर्लिकमन यांचे १९८२ मध्ये. निक्सन यांच्या आठवणींवर बहिष्काराची मोहीमही झाली. पण ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की डीन यांचे वेगळेपण कळते. कोलसन यांना धर्म सापडला, आणि गुन्हा त्या शोधाची पायरी झाला; लिडी यांना पश्चात्तापच नव्हता. डीन यांना यांपैकी कशाचाच आधार मिळत नाही, म्हणून त्यांना पायऱ्या मोजाव्या लागतात. मराठीत राजकीय आत्मकथनांची परंपरा मोठी आहे, पण सत्ताकाळाशी भिडण्याआधीच ती पुष्कळदा थांबते. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी संपते. सत्तेच्या आतल्या खोलीत बसून, हिशेब ठेवून, स्वतःला आरोपी करून लिहिलेले कथन आपल्याकडे दुर्मीळच. आणि भारतीय वाचकाला हे प्रकरण परके नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निक्सन सरकार पाकिस्तानकडे झुकले असल्याचे कागद स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी त्या डिसेंबरात उघड केले, तेव्हा ती गळती शोधायला लावलेले पथक व्हाइट हाउसने गुप्त कारवायांसाठी उभे केलेलेच पथक होते. त्यातलेच हंट आणि लिडी वर्षभरात वॉटरगेटपर्यंत पोचले. आपल्या विरुद्धचे धोरण आणि त्यांच्या लोकशाहीविरुद्धचा कट, दोन्ही एकाच आवारात शिजत होते.

साक्षीच्या काळात डीन यांच्या हातची एक यादी पुढे आली. दडपादडपीत अडकू शकतील अशांची नावे त्यांनी लिहिली होती आणि जे वकील होते त्यांच्यापुढे तारे काढले होते. तारे इतके होते की इतके वकील यात कसे, असा प्रश्न आपल्यालाच पडला, असे त्यांनी समितीला सांगितले. वकिलांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी विधी महाविद्यालयांत व्यावसायिक नीतीचे शिक्षण सक्तीचे केले. उपाय चांगला होता, पण त्यामागचे गृहीतक पुस्तकाच्या नावाशी जुळणारे होते: माणसे न कळल्यामुळे चुकतात, तर त्यांना शिकवावे. तारे काढणाऱ्या हाताला न कळलेले काहीच नव्हते. पुढे डीन स्वतःच वकिलांना या विषयावर व्याख्याने देऊ लागले, आणि त्या व्याख्यानांचा भर बदललेला दिसतो. संस्थेच्या वकिलाचे अशील कोण, ती संस्था की तिच्या खुर्चीत बसलेला माणूस, हा प्रश्न आता मध्यभागी आला. माझ्या मते डीन यांच्या अधःपतनाचे खरे कारण अखेर त्यांनाही इथेच सापडले. पोळी आणि टाळीचा नियम ते शेवटपर्यंत इमानाने पाळत होते. चुकत होती ती पोळी कोणाची हे ठरवण्यात. पगार राष्ट्राध्यक्षांच्या खिशातून येत नव्हता, आणि ते ज्यांचे सल्लागार होते ती एक व्यक्ती नव्हती, एक घटनात्मक पद होते. हे कळायला दृष्टी लागत नाही. वेतनाची पावती कोणत्या खजिन्याची आहे हे वाचले तरी पुरते. वाचकाने हे आत्मकथन उघडावे ते डोळे असलेल्या माणसाने ती पावती वाचायचे इतके दिवस कसे टाळले, हे पाहण्यासाठी.